छपरावरची वीज बाजारात कशी जाईल?

पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्यामध्ये जिते हे स्टेशन लागते. या पेण परिसरात गणपतीच्या मूर्तींचे अनेक छोटे कारखाने आहेत. एकाच कारखान्यातील दहा मूर्तींसाठी मुंबईहून ट्रक पाठवणे परवडत नाही. चार कारखान्यांचा माल जमला, की ट्रक भरतो. छपरावरच्या सौर विजेचेही असेच आहे.

समजा, जिते गावातील एका घरावर ३ किलोवॉटचा सौर संच आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो सुमारे १२ युनिट वीज देतो. दुपारी घरातला वापर कमी, म्हणून जादा वीज तारांतून बाहेर जाते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये ‘नेट मीटरिंग’चे नियम केले. त्यानुसार मीटर येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजतो व फरकाचे बिल येते. सोय चांगली आहे. पण याला बाजार म्हणता येणार नाही.

आपल्या देशात वीजबाजार २००८ मध्ये सुरू झाला. तेथे मागणीनुसार भाव बदलतो. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि उद्या कोणत्या भागात किती वीज देणार, हे आजच सांगावे लागते. अंदाज चुकला तर भुर्दंड! एक ढग आला, की आपले घर अडचणीत.

येथे गणित मदतीला येते. समजा, एका छपराचा अंदाज २० टक्क्यांनी चुकतो. अशा १०० सारख्या छपरांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर बेरजेतली चूक १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० ने भागली जाते; उरते २ टक्के. म्हणूनच अनेकांची वीज एकत्र करून अंदाज देणारा आणि पैसे वाटणारा ‘संकलक’ हवा. तो नसेल, तर बाजार मोठ्या प्रकल्पांपुरताच राहील.

पण जुलैत सारे कोकण एकाच ढगाखाली असते. तेव्हा सगळी छपरे एकदमच चुकतात. म्हणून संकलकाने पेणच्या जोडीला धुळ्याचीही छपरे घ्यावीत, बॅटरीही ठेवावी.

हे वर्गात करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने नाणे १० वेळा उडवून छाप मोजावेत. एकेकाचे आकडे ३ ते ७ असे विखुरतील, पण साऱ्या वर्गाची बेरीज निम्म्याच्या जवळ येईल. मग एकाच विद्यार्थ्याने नाणे उडवावे आणि सर्वांनी तोच आकडा लिहावा. आता बेरीज करून काय फायदा झाला? हाच आपला पावसाळा!