ताईचे अॅस्पिरिन

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने तिच्या उशाशी मला अॅस्पिरिनचे पाकीट दिसले. "याने रोग उलटत नाही म्हणे!" ताई म्हणाली.

कल्पना अगदीच खुळी नव्हती. 'प्रोस्टाग्लँडिन' हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ च्या सुमारास दिले. प्रोस्टेट ग्रंथीतले असावे असे वाटले म्हणून हे नाव. पुढे ही द्रव्ये शरीरभर सापडली. सूज, ताप, वेदना यांत त्यांचा हात. त्यांतले 'ई-२' स्तनाच्या गाठीत वाढले, की नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि भोवतालच्या मेदात इस्ट्रोजेन अधिक बनते. म्हणजे गाठीला पाणीही मिळाले नि खतही! अॅस्पिरिन ही द्रव्ये बनूच देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. २०१० साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीत अॅस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांत या रोगाने कमी मृत्यू दिसले.

पण गोळी घेणाऱ्या बायका मुळातच धडधाकट असल्या तर? म्हणून अमेरिका-कॅनडात ३,०२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकावे तसे दोन गट केले. एकाला रोज ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. २०२४ साली निकाल छापून आला. रोग उलटणे, नवा कर्करोग किंवा मृत्यू अशा घटना अॅस्पिरिनवाल्यांत १४१, दुसऱ्या गटात ११२! प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता. पोटातल्या रक्तस्रावाचे भय आणखी वेगळेच.

ताईने सारे ऐकून घेतले. "म्हणजे तुझ्या शास्त्रज्ञांचाही आधी अंदाजच होता ना?"

मी "हो" म्हटले. पाकीट मात्र तिने माझ्या हाती दिले.