ग्रामसभेचा बांबू

धंदा करायचा, त्यात पैसाही मिळवायचा, पण तो एकाच खिशात न जाता कष्ट करणाऱ्यांत फिरवायचा आणि धंद्याच्या मुळाशी असलेले जंगल किंवा पाणी संपू द्यायचे नाही. अशा व्यवहाराला हल्ली सामाजिक उद्योग म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे साठेक घरांचे गाव आहे. तिथे हा उद्योग चालतो तो ग्रामसभेच्या नावाने, आणि माल एकच: बांबू.

या धंद्याची जुनी बाजू शेजारच्या बल्लारपूर तालुक्यात आहे. बल्लारपुरात वारा फिरला की कागद गिरणीचा वास येतो. लाकूड रसायनात शिजवून लगदा करताना गंधकाची संयुगे सुटतात, त्यांचा हा कुजकट वास. वर्धा नदीकाठच्या या गिरणीची कंपनी १९४५ ची. पुढे तिचा लगदा निलगिरी-सुबाभळीवरही होऊ लागला, पण तिच्या उभारणीमागे चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू होता. वनखाते दीर्घ मुदतीच्या करारांनी तो गिरणीला देई. कापणारे हात जंगलातल्याच गावांचे असत. त्यांना मजुरी मिळे. बांबू कोणता कापायचा, किती, कोणत्या भावाने द्यायचा, हे त्यांना कोणी विचारत नसे. घराच्या कुडासाठी चार बांबू आणले तर तोच माणूस चोर ठरे.

याचे मूळ कायद्यात होते. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत, पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याला झाडांत बसवले. झाड म्हटले की मालकी आणि वाहतूक दोन्ही खात्याकडे. बांबू हे झाड नव्हे, हे त्या कायद्याला पटायला २०१७ उजाडले, आणि तेही जंगलाबाहेरच्या बांबूपुरतेच. जंगलातल्या बांबूची सुटका त्याआधी वेगळ्या वाटेने झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला तो विकण्याचा अधिकार दिला.

अधिकार कागदावर आला तरी ट्रक हलत नव्हता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. देवाजी तोफा हे तिथले पुढारी, मोहन हिराबाई हिरालाल हे सोबती होते. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एवढ्या तयारीच्या गावालाही वाहतूक परवान्यासाठी अडून बसावे लागले, कारण परवान्याचे पुस्तक खात्याच्या कपाटात होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सामाजिक उद्योगाच्या पुस्तकांत भांडवलावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. इथे भांडवल म्हणजे ते परवाना-पुस्तक होते.

पाचगावला हक्क मिळाला जून २०१२ मध्ये, १,००६ हेक्टरांवर. एल्गार प्रतिष्ठान या संस्थेची साथ होती. गावाने सगळ्यात आधी बसून नियम केले, आणि त्यातले बरेचसे ‘करायचे नाही’ या प्रकारचे निघाले. तेंदूपाने तोडायची नाहीत. कारण पाने चांगली यावीत म्हणून झुडपे छाटतात, जंगलाला आग लावतात आणि टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, पाखरांना मिळत नाहीत. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खायचे नाहीत. चंद्रपूरकडच्या माणसाला वास्त्याची भाजी सोडायला सांगणे ही साधी गोष्ट नव्हे! पण आज ताटात गेलेला कोंब म्हणजे तीन वर्षांनी न मिळालेला बांबू, हा हिशोब गावाने मान्य केला. आणि १,००६ पैकी ३४ हेक्टर, तेही उत्तम जंगल, देवराई म्हणून बाजूला काढले. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही. नवा धंदा मांडताना त्याच्या मालाचा चांगला भाग आधीच धंद्याबाहेर ठेवणे कोणत्या सल्लागाराला सुचले असते, हे सांगणे कठीण.

कापणी पावसाळ्यात बंद असते, कारण तेव्हाच कोंब जमिनीतून वर येतात. पाऊस सरल्यावर काम सुरू होते. बांबू एकेकटा वाढत नाही, बेटाने वाढतो, आणि खरे कसब या बेटात आहे. नवी काठी बहुधा बेटाच्या कडेला फुटते, जुन्या काठ्या आत दाटीत राहतात. कडेने कापत जाणे सोपे, हात लगेच पोचतो. पण तसे केले की बेटाची वाढच कापली जाते. म्हणून बेट एका बाजूने, नव्या कोंबांच्या विरुद्ध अंगाने, उघडतात आणि आत शिरून पिकलेल्या काठ्या काढतात. मागे उरणारा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो. काठीचे वय अंगावरून ओळखतात. यंदाच्या काठीवर तपकिरी पापुद्रे आणि पांढरट पूड असते, तिला हात लावायचा नाही. जुनी काठी पिवळसर पडते, तिच्यावर डाग येतात. घाव जमिनीजवळ, पण गाठीच्या लगेच वर बसला पाहिजे. पेऱ्याच्या मधोमध कापले तर उरलेली नळी पावसात पेल्यासारखी भरते आणि कुजत बेटात उतरते. हिरव्या बांबूच्या ताज्या कापाला ओल्या गवताचा वास येतो. बल्लारपूरचा वास ओळखणाऱ्याला तोही याच बांबूचा आहे यावर विश्वास ठेवणे जड जाते.

पुढचे टप्पे साधे आहेत: ओढून काढणे, लांबीप्रमाणे निवड, मोजणी, रास. सरळ लांब बांबू मांडवाला, भाजीच्या मळ्याला, बांधकामाला जातो. वाकडा-तुटका बंडलात बांधून लगद्याला. विक्री व्यापाऱ्यांकडून दर मागवून होते आणि रक्कम ग्रामसभेच्या बँक खात्यात येते. मजुरी वाटून उरलेले पैसे कशावर खर्च करायचे ते सभेत ठरते. कापणारा आणि हिशोब विचारणारा माणूस इथे एकच असतो. कामासाठी गाव सोडून जाणे कमी झाले, हे या व्यवहाराचे सर्वांत ठळक फळ.

वाढीचा प्रश्न मात्र अवघड आहे. कारखाना दुसरी पाळी लावून उत्पादन वाढवतो. बेटाला पाळी लावता येत नाही. मानवेल जातीचा बांबू तर काही दशकांनी एकदम फुलतो, बी टाकतो आणि बेटेच्या बेटे वाळून जातात. अशा वर्षी गावापुढे दुसरे काय, याचे सोपे उत्तर नाही. म्हणून हा उद्योग एका गावात फुगत नाही, गावागावांत पसरतो. गडचिरोली जिल्ह्यात हजारावर ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली, म्हणजे व्यापाऱ्यापुढे एकेकट्याने उभे राहावे लागू नये. तिथल्या बहुतेक गावांचा पैसा तेंदूतून येतो आणि तेंदूचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी आपटतो. पाचगावने तो पैसा मुळातच नाकारला आहे. शहाणपण कोणाचे, यावर वाद होऊ शकतो. जंगलाचे हित कशात आहे, यावर होत नाही.

एक उणीव राहतेच. बहुतेक बांबू काठीच्या रूपातच तालुक्याबाहेर जातो. टोपली, सूप, तट्टा करणारा बुरूड जिल्ह्यातच आहे, हिरव्या बांबूसाठी तो खात्याच्या दारात उभा असतो. त्याची आणि ग्रामसभेची गाठ सर्वत्र पडलेली नाही.

मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून आलापल्लीचे सागवान वाजतगाजत, पूजा होऊन, अयोध्येच्या राममंदिराला रवाना झाले. बांबूच्या ट्रकला कोणी ओवाळत नाही. तो ग्रामसभेच्या परवान्यावर निघतो, नाक्यावर थांबतो, पुढे जातो. पाचगावच्या ३४ हेक्टरांतली एकही काठी त्यावर नसते.