कुलूपबंद पेनड्राइव्ह लिहू देत नाही तेव्हा

शाळेचे जनरल रजिस्टर हा आपल्या समाजाचा दप्तरखाना आहे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, जात आणि प्रवेशाची तारीख एवढ्या मोजक्या रकान्यांवर पुढे काय काय अवलंबून असते, हे जात पडताळणी समितीच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. नावावर सातबारा नसलेल्या आणि पोटासाठी ठाणे-कल्याणला आलेल्या कुटुंबाकडे आजोबांच्या शाळेचा दाखला हाच पुष्कळदा एकमेव कागद असतो. आज आम्ही लिहितो त्या नोंदीही कधीतरी कोणाच्या तरी नातवंडांचा पुरावा ठरतील.

दमट हवेत आणि कसरीच्या तोंडी कागद किती टिकणार? म्हणून रजिस्टरांची पाने स्कॅन करून आम्ही ती पेनड्राइव्हवर ठेवली. हा पेनड्राइव्ह कल्याण-ठाणे लोकलच्या गर्दीतून ने-आण होतो. तो हरवला तर शेकडो मुलांची जात, जन्मतारीख आणि पत्ता परक्याच्या हाती पडेल. त्यामुळे तो कुलूपबंद केलेला आहे. लिनक्सवरील या कुलपाच्या पद्धतीस ‘लक्स’ म्हणतात. संकेतवाक्य दिल्याशिवाय आतील मजकूर निव्वळ निरर्थक अक्षरांचा ढीग असतो.

गेल्या पावसाळ्यात नव्या प्रवेशांची पाने चढविताना वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर पेनड्राइव्हने संकेतवाक्य स्वीकारले, जुनी पाने दाखविली. नवे पान मात्र ठेवू देईना. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ एवढेच उत्तर येई. त्याच दिवशी एका माजी विद्यार्थ्याचे वडील मुलाच्या पडताळणीसाठी रजिस्टरचा उतारा मागावयास आले होते. खोलीत कोणीतरी म्हणालेच, “फॉरमॅट मारा, चालू होईल.” चालू झालाही असता, पण रिकामा.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘केवळ वाचा’ या उत्तराचा अर्थ मजकूर गेला असा नाही. आतील मांडणीत विसंगती दिसली, किंवा लिहिताना अडथळा आला, की लिनक्स पुष्कळदा आपण होऊन लेखन थांबवते, कारण बिघडलेल्या मांडणीवर आणखी लिहिले तर असलेलेही पुसले जाण्याचे भय असते. वाचन चालू आहे तोवर पहिले काम एकच : सर्व मजकूर दुसऱ्या, तसाच कुलूपबंद केलेल्या साधनावर उतरवून घेणे. आम्ही तो उतरविला, उतारा छापला, पालकांच्या हाती दिला आणि मगच दोषाच्या शोधास लागलो. बाबासाहेबांचे अप्रकाशित लिखाण १९५६ नंतर कित्येक वर्षे पेट्यांत पडून होते आणि शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ साली निघाला, हे वर्गात शिकविणाऱ्या माणसाला एकाच प्रतीवर विसंबणे जमत नाही.

दोष तीन थरांपैकी एकात असतो. कपाट, त्याचे कुलूप आणि आतली वही असे ते थर मानावेत. कोणता थर अडला हे ‘डीमेसेग’ ही आज्ञा सांगते. संगणकाच्या गाभ्याने केलेल्या नोंदींची ती रोजनिशीच असते. पेनड्राइव्ह लावल्यानंतरच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात.

तेथे ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असे दिसले तर अडचण कपाटाची, म्हणजे खुद्द पेनड्राइव्हची. काहींच्या कडेला लेखन बंद करणारी छोटी कळ असते. ती सरकलेली असू शकते. कळ नसेल, तर आतील स्मृती झिजल्यामुळे पेनड्राइव्हनेच लेखन बंद केले असण्याचा संभव मोठा. अशा वेळी कोणत्याही आज्ञेच्या नादी न लागता तो निवृत्त करावा.

कुलपाचा थर क्वचित अडतो. कुलूपच ‘केवळ वाचनासाठी’ उघडले असेल, तर बंद करून पुन्हा साधेपणाने उघडावे. विंडोजच्या बिटलॉकरने बंद केलेला पेनड्राइव्हही लिनक्सवर उघडतो. ‘क्रिप्टसेटअप’ या साधनात ती सोय २०२० पासून आहे. तो विंडोजवर अर्धवट बंद झाला असेल, तर लिनक्सवर बळजबरी करू नये. विंडोजवरच तपासून, नीट बंद करून आणावा.

आमचा दोष तिसऱ्या थरात, वहीच्या मांडणीत होता. रोजनिशीत ‘एक्स्ट-फोर एरर’ असे स्पष्ट लिहिले होते. दुरुस्तीची आज्ञा ‘एफएससीके’. ती देताना पथ्य असे की, फाइल सिस्टीम अनमाउंट करावी, पण कुलूप उघडेच ठेवावे, आणि आज्ञा उघडलेल्या आतील भागावर, म्हणजे ‘मॅपर’मध्ये दिसणाऱ्या नावावर, चालवावी. बाहेरच्या मूळ पेनड्राइव्हवर ती कधीही चालवू नये. तेथे तिला कुलूपच दिसते, वही नव्हे. आमची दुरुस्ती काही मिनिटांत झाली.

‘परमिशन डिनाइड’ हे उत्तर मात्र निराळे. तेथे वही धड असते, फक्त ती दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर असते. मालकी बदलली की काम होते. या दोन उत्तरांची गल्लत करून लोक धडधाकट पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात.

लक्सच्या कुलपाचा जीव त्याच्या सुरुवातीच्या भागात, ‘हेडर’मध्ये असतो. तो भाग नष्ट झाला तर बरोबर संकेतवाक्यही निरुपयोगी. म्हणून हेडरची वेगळी प्रत क्रिप्टसेटअपनेच काढून ठेवावी आणि ती तिजोरीतल्या किल्लीसारखी जपावी, कारण संकेतवाक्य पुढे बदलले तरी जुन्या प्रतीसह जुने वाक्य चालते. एका कुलपाला अनेक संकेतवाक्ये देता येतात. जुन्या लक्समध्ये आठ, नव्यात बत्तीसपर्यंत. आमच्या शाळेत आता दोन आहेत, एक मुख्याध्यापकांकडे आणि एक संस्थेच्या सचिवांकडे. मजकुराची दुसरी प्रत ठाण्यात आहे, हेडरची प्रत कल्याणला, रजिस्टरांच्याच कपाटात, लाखबंद पाकिटात.