आळंदीची पोरं, शिंदेंचा गळा आणि 'डाऊनमार्केट'चा शिक्का : मराठी गाणी एफएमवर पोचायला इतका वेळ का लागला?

दिघीत राहणाऱ्याला कुठला सीझन चालू आहे हे कळायला कॅलेंडर लागत नाही. आळंदी रोडवर काय वाजतंय ते ऐकलं की झालं.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला चहा-बिस्किटांचे, केळ्यांचे मांडव पडतात आणि मांडवातल्या स्पीकरवर हमखास प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी लागलेली असतात. पुढे गणपती येतात, तेव्हा मंडळाच्या त्याच स्पीकरवर आनंद शिंदे येतात. तुळशीचं लग्न उरकलं की वराती सुरू होतात आणि मग आदर्श शिंदेंची पाळी.

आजोबा, मुलगा आणि नातू. रस्ता तोच, स्पीकरही बहुतेक तोच.

आता दुसरं टोक बघा. याच रस्त्यावरून सकाळच्या शिफ्टला भोसरी-चाकणकडे कंपनीच्या बस जातात. बसमध्ये ड्रायव्हरने एफएम लावलेलं असतं. आज त्या एफएमवर मराठी गाणं लागलं तर कुणी मान वळवून बघत नाही. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी खासगी एफएमवर मराठी गाणं ऐकू येणं ही बातमी होती. रस्त्यावर जे वाजत होतं, ते रेडिओवर का वाजत नव्हतं? आणि मग वाजायला कसं लागलं?

याचं उत्तर शोधायचं तर एकच गाणं पकडून पुरतं. 'कोंबडी पळाली'.

२००६ साली केदार शिंदे यांचा 'जत्रा' आला. भरत जाधव आणि क्रांती रेडकर यांचं हे गाणं बघितलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. पण त्याच्या मागे कोण कोण होतं ते बघा. गाणं लिहिलं जितेंद्र जोशीने, ज्याला आपण नट म्हणून ओळखतो. दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहीर साबळे यांचे नातू. गायला आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. आणि संगीत अजय-अतुलचं.

दिघीपासून दहाएक किलोमीटरवर

अतुल गोगावले यांचा जन्म १९७४ चा, अजय यांचा १९७६ चा. दोघेही आळंदीचे. म्हणजे दिघीच्या मॅगझीन चौकातून सरळ रस्ता धरला की जिथे पोचता, तिथले. वडील अशोक गोगावले महसूल खात्यात. सरकारी नोकरी म्हटलं की बदल्या आल्याच, त्यामुळे या भावांचं लहानपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर, घोडेगाव असं पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत फिरत गेलं.

घरात गाण्याची परंपरा नव्हती, घराणं नव्हतं, कुणी गुरू नव्हता. जे होतं ते आजूबाजूला होतं. देवळातलं भजन, गावचा गोंधळ, शाळेचा बँड. ढोलकी, हलगी, मृदंग ही वाद्यं त्यांनी क्लास लावून ऐकली नाहीत, ती येता-जाता कानावर पडत होती. पुढे शहरातल्या समीक्षकांनी अजय-अतुलच्या ठेक्याला 'मातीचा वास' वगैरे म्हटलं. मुळात ते महसूल खात्याच्या बदल्यांचं फळ आहे.

सुरुवात मात्र भक्तिसंगीतापासून झाली. 'विश्वविनायक' नावाचा गणपतीचा अल्बम, ज्यात एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांच्यासारखे गायक होते. त्यानंतर 'सावरखेड एक गाव', 'अगंबाई अरेच्चा' आणि मग 'जत्रा'.

'जत्रा'साठी त्यांनी आनंद शिंदेंचा आवाज घेतला. आज हे अगदी साहजिक वाटतं. पण तेव्हा आनंद शिंदे म्हणजे 'कॅसेटवाले' गायक होते, आणि कॅसेटवाले आणि रेडिओवाले यांच्यात एक न दिसणारी भिंत होती.

भिंत कुणी बांधली?

थोडं मागे जावं लागेल. आकाशवाणी पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दोनच वर्षांत, १९५५ च्या रामनवमीला, या केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी. त्या वेळी लोक रेडिओला हार घालायचे, असं घरातली जुनी माणसं आजही सांगतात. प्रादेशिक रेडिओवरचं सुपरहिट म्हणजे काय, हे पुण्याने तेव्हाच बघितलं होतं.

पण आकाशवाणीची चाळणी बारीक होती. १९५२ साली माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर हे मराठीच. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवर सिनेसंगीत जवळपास बंद झालं. शास्त्रीय आणि सुगम संगीताला मानाचं पान मिळालं. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लावली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली.

लोकगीतांना आकाशवाणीवर जागा होती, नाही असं नाही. पण ती ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या कार्यक्रमाची. कामगारांसाठीचा कार्यक्रम, ग्रामीण श्रोत्यांसाठीचा कार्यक्रम. मुख्य पंगत वेगळी आणि ही पंगत वेगळी.

प्रल्हाद शिंदे या दुसऱ्या पंगतीतून आले. आई-वडील भजनं-गाणी गाऊन पोट भरायचे, त्यांच्या मागे फिरताना या पोराचा गळा तयार झाला. पुढे त्यांनी कव्वाल्या गायल्या, आंबेडकर जयंतीला भीमगीतं गायली आणि विठ्ठलाची, सत्यनारायणाची गाणीही गायली. आंबेडकरी वस्तीतल्या जलशात आणि वारीच्या मांडवात, दोन्हीकडे आपला वाटावा असा तो आवाज. महाराष्ट्रात असं फार थोड्यांच्या बाबतीत झालंय.

त्यांच्या मुलाच्या वेळेला कॅसेट आली आणि खेळच बदलला. रेकॉर्ड काढायची तर मोठी कंपनी पाठीशी लागायची. कॅसेटला तसं नव्हतं. थोडक्या पैशांत रेकॉर्डिंग, हव्या तेवढ्या कॉपी, एसटी स्टँडच्या टपरीवर विक्री. ट्रकमध्ये टेप, रिक्षात टेप, सलूनमध्ये टेप. १९८० च्या दशकात आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं असंच पसरलं. त्याला ना रेडिओची गरज पडली, ना टीव्हीची. ते गाणं चावट आहे, त्यावर नाकं मुरडली गेली, आणि नाकं मुरडणाऱ्यांच्या घरच्या लग्नातही ते वाजलं.

म्हणजे गाणी सुपरहिट होती. फक्त रेडिओच्या वहीत त्यांची नोंद नव्हती.

एफएम आलं, पण कुणासाठी?

२००१ मध्ये बंगळुरूत रेडिओ सिटीने देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यातही स्टेशनं आली. दिघीत, भोसरीत, चाकणला लागायची ती पुण्याचीच स्टेशनं. आता खासगी म्हटल्यावर लोकांना आवडतं ते वाजवतील, असं वाटलं होतं. झालं उलटंच.

यामागे पैशांचं गणित होतं. पहिल्या टप्प्यात सरकारने परवाने लिलावाने दिले आणि परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारं ठेवलं. धंदा होवो न होवो, पैसे भरायचेच. असं ओझं डोक्यावर असलेलं स्टेशन धोका पत्करत नाही. कमाई फक्त जाहिरातींतून. जाहिरातदाराला हवा असायचा खिशात पैसे खुळखुळणारा शहरी तरुण, आणि तो हिंदीच ऐकतो असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. काय वाजवायचं हे आरजे ठरवत नाही, ते ठरवतो म्युझिक मॅनेजर. त्याची गाण्यांची यादी छोटी असते आणि तीच दिवसभर फिरवली जाते. त्या यादीत मराठीला जागाच नव्हती. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात वाढत्या शुल्काऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिस्सा ठरला आणि स्टेशनांना श्वास घेता आला, पण सवय काही लगेच मोडली नाही.

गंमत म्हणजे याच काळात मराठी पॉप जोरात होतं. २००२ मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं 'ऐका दाजीबा' आलं. व्हिडिओत मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण. हिंदी म्युझिक चॅनेल लावलं तरी हे गाणं दिसायचं. म्हणजे मराठी येत नसलेली पोरंही बघत होती. तरीही मराठी म्हणजे 'आपला ऑडियन्स नाही' हे पालुपद चालूच.

संगीतकार कौशल इनामदार यांना हे तोंडावर ऐकावं लागलं. मराठी गाणी लावली तर स्टेशन 'डाऊनमार्केट' वाटेल, असं त्यांना एका खासगी एफएमवर सांगण्यात आलं. मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत. दुसरा कुणी असता तर फेसबुकवर चार ओळी लिहून मोकळा झाला असता. इनामदारांनी सुरेश भटांची मराठीवरची कविता घेतली, लोकांकडून वर्गणी काढली आणि चारशेहून जास्त गायकांना एका गाण्यात गायला लावलं. फेब्रुवारी २०१० मध्ये 'मराठी अभिमानगीत' आलं. त्याच सुमारास मराठी गाणी लावा म्हणून राजकीय पक्षांनीही एफएम स्टेशनांवर दबाव आणला होता.

पण खरं सांगायचं तर दबावाने गाणं लावता येतं, ऐकायला लावता येत नाही. ते काम त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी थिएटरात आलेल्या 'नटरंग'ने केलं. पुन्हा अजय-अतुल. त्याच महिन्यात 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, त्यामुळे 'हलकंफुलकं' म्हणून बाजूला सारायची सोयही राहिली नाही. आणि 'नटरंग'मध्ये त्यांनी लावणी आणली, जी घरात लावायला लोक लाजायचे. २०११ मध्ये '९एक्स झकास' हे मराठी गाण्यांचं चॅनेल सुरू झालं. मराठी गाण्यांच्या मध्ये जाहिराती विकता येतात, हे जाहिरातदारांना तिथे डोळ्यांनी दिसलं.

आणि मग जानेवारी २०१२. करण जोहरच्या 'अग्निपथ'मध्ये कतरिना कैफ नाचली, श्रेया घोषाल गायली आणि देशभरातल्या एफएमवर 'चिकनी चमेली' दिवसरात्र वाजू लागलं. चाल कुठली? 'कोंबडी पळाली'ची. सहा वर्षांपूर्वी जी चाल वरातीची होती, ती हिंदी कपडे घालून आल्यावर एकदम प्राइम टाइमची झाली. यात अजय-अतुलचा फायदाच झाला, चाल त्यांचीच होती. पण मूळ गाण्याला रांगडेपणा देणारा आनंद शिंदेंचा आवाज तिथे नव्हता. कतरिनाच्या गाण्यात त्याला जागा नसणार हे समजू शकतं, तरी 'चिकनी चमेली'वर नाचणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं, हा प्रश्न उरतोच.

२०१६ चं 'सैराट' आलं तेव्हा भाषांतराचीही वाट बघावी लागली नाही. 'झिंगाट' मराठीतच सगळीकडे वाजलं. कन्नड आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि हिंदी 'धडक'मधली २०१८ मध्ये, पण तोपर्यंत लोकांना मराठी शब्द पाठ झाले होते. त्याच वर्षी 'पोश्टर गर्ल'मध्ये आनंद आणि आदर्श हे बाप-लेक डीजेच्या गाण्यात एकत्र आले. संगीत अमितराजचं. ते गाणं आजही दिघीतल्या कुठल्याही वरातीत शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवलेलं असतं.

२०१७ मध्ये तर गंगा उलटी वाहिली. 'सोनू'चं गाणं मोबाइलवर व्हायरल झालं होतं. मुंबईच्या रेड एफएमच्या आरजे मलिष्काने त्याच चालीवर खड्ड्यांचं गाणं केलं, महापालिकेला ते झोंबलं, आणि काही दिवसांत तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. ज्या एफएमला मराठी गाणं परवडत नव्हतं, त्याच एफएमला आता मुंबईकरांशी बोलायला मराठी गाण्याची चाल उसनी घ्यावी लागली होती.

आज रेडिओ रांगेत शेवटचा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा कुटुंबातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आधी यूट्यूबवर आलं, मग रील्सवर, मग वरातीत. एफएमच्या म्युझिक मॅनेजरला ते शोधावं लागलं नाही, श्रोतेच फोन करून मागत होते.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. रिक्षात एफएम ऐकताना लक्ष देऊन बघा. गाणं संपलं की आरजे सिनेमाचं नाव सांगतो, हिरोचं सांगतो, कधी संगीतकाराचंही. गायकाचं नाव बऱ्याचदा राहून जातं, गीतकाराचं तर जवळपास नेहमीच. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ ला गेले, तेव्हा पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या. 'जत्रा' यायला अजून दोन वर्षं होती. पालखी दिघीतून जाते त्या दिवशी मांडवातल्या पोरांना विचारलं की हा आवाज कुणाचा, तर काही जण नाव सांगतात, आणि काही जण म्हणतात, "आदर्श शिंदेचे आजोबा."