खव्याची कढई किती लिटरची घ्यायची? आधी हा हिशोब करा

पेढे-बर्फीच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच: "सर, खवा मशीन घ्यायचंय. 50 लिटरचं घेऊ की 100 लिटरचं?"

उत्तर देण्याआधी माझी चूक सांगतो. दुकान सुरू केलं तेव्हा मी 100 लिटरचं मशीन घेतलं. "धंदा वाढला की परत खर्च नको," हा विचार. दूध मात्र रोजचं 20 लिटर. एवढ्या मोठ्या कढईत ते तळालाच राहायचं. वरच्या तापलेल्या कडांवर उडालेलं दूध वाळून करपायचं आणि त्याच्या काळ्या खपल्या खव्यात यायच्या. दोन गिऱ्हाइकांनी पेढे परत आणून दिले. सहा महिन्यांनी मशीन जवळपास अर्ध्या किमतीत विकलं. हप्ते मात्र पूर्ण भरले. बीबीएला कॅपॅसिटी प्लॅनिंग शिकलो होतो, पण कळलं ते त्या दिवशी.

म्हणून लक्षात ठेवा: कढई स्वप्नातल्या विक्रीवर नाही, आजच्या एका घाण्यावर निवडायची. त्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारा.

1. रोज खवा किती लागतो?

म्हशीच्या 5 लिटर दुधात साधारण 1 किलो खवा पडतो. गाईच्या दुधाला त्याहून थोडं जास्त दूध लागतं. पण माझ्या आकड्यावर जाऊ नका. तुमच्या गवळ्याचं 1 लिटर दूध घरी आटवा आणि खवा वजन काट्यावर ठेवा. 200 ग्रॅमच्या आसपास आला तर ठीक. 150 आला तर आधी दुधाकडे बघा, मशीन नंतर.

समजा रोज 4 किलो खवा हवा. म्हणजे 20 लिटर दूध. 10-10 लिटरचे दोन घाणे धरू.

2. कढई भरायची किती?

अर्धी. दूध उकळताना फेसाळून वर येतं हे घरी आपण सगळ्यांनीच पाहिलंय. शिवाय ढवळायला जागा हवी. म्हणजे 10 लिटरच्या घाण्याला 20 ते 25 लिटरची कढई. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: "तुम्ही सांगता ते लिटर काठोकाठ की प्रत्यक्ष दूध घालायचे?" बरेच जण काठोकाठचा आकडा सांगतात. आकारही बघा. आटवायला पसरट कढई चांगली, खोल पातेलं नको. वाफेला वरचं तोंड रुंद लागतं.

3. बर्नर तासाला किती गॅस जाळतो?

हा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि इथेच खवा बिघडतो. 10 लिटर दुधाचा 2 किलो खवा करायचा म्हणजे 8 लिटरच्या वर पाणी वाफ करून उडवायचं. भट्टीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर एका घाण्याला साधारण 1 किलो गॅस लागतो. बर्नर तासाला 1 किलो जाळणारा असेल, तर तासाभरात घाणा उतरतो.

आता त्याच बर्नरवर 50 लिटरची कढई ठेवा आणि अर्धी, म्हणजे 25 लिटर भरा. अडीच तास! तेवढा वेळ तापून खवा तांबूस होतो. त्याचा पांढरा पेढा होत नाही. कढई वाढवली तर बर्नरही वाढवायलाच लागतो.

यातूनच खर्च निघतो. दिवसाला 2 किलो गॅस, म्हणजे 19 किलोचा कमर्शियल सिलिंडर नऊ-साडेनऊ दिवस. महिन्याला 25 दिवस काम केलंत तर तीन सिलिंडर धरा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे. तो आकडा हिशोबात धरूच नका.

4. सांभाळणार कोण?

10 लिटरचा घाणा एक माणूस खुरप्याने हलवू शकतो. 25 लिटरला मोटर लागतेच. मोटर म्हटली की लाइट जाण्याचा प्रश्न. ढवळणं थांबलं की दूध तळाला धरायला वेळ लागत नाही. त्यामुळे मशीन घेताना हाताने फिरवायची सोय आहे का, कढई कलती करता येते का आणि दुधाला लागणारा भाग एसएस 304 चा आहे का, हे तिन्ही बघा. आणि हो, दुकानाचं दार मोजून जा!

मग धंदा वाढला तर?

आधी घाणे वाढवा. दोनाचे चार करा. तेच मशीन दुप्पट खवा देईल. चारही घाणे रोज विकले जायला लागले की दुसरी तेवढीच कढई घ्या. एक बिघडली तरी दुसरी चालू राहते. भूम-कुंथलगिरीकडच्या खवा भट्ट्यांवर पारंपरिक काम असंच चालत आलंय, कढईत थोडं दूध आणि घाण्यामागून घाणा.

आजचा गृहपाठ: 1 लिटर दूध आटवा, वजन करा आणि वहीत तीन आकडे लिहा. रोजचा खवा, एका घाण्याचं दूध, त्याच्या दुप्पट कढई. ते आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. मशीनवाल्याला फोन त्यानंतर!