गुटखाबंदी: हुपरीतून मागे पाहताना

हुपरीतल्या चांदीच्या कामाला दोन्ही हात लागतात. पैंजणाची कडी कडीत ओवायची, सांधा जोडायचा, घासायचं, उजळायचं. तासन्‌तास एका जागी बसलेल्या कारागिराला विडी शिलगावायला हात मोकळा नसतो. गालात धरलेल्या पुडीला हात लागतच नाही. म्हणून गुटखा इथं चटकन रुजला, आणि गुटख्यावर सरकारनं काय केलं हा प्रश्न हुपरीसाठी घरचा आहे.

पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ ला आली, पाच वर्षांसाठी. तिला आव्हान देणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातली, जयसिंगपूरजवळची गोदावत पानमसाला कंपनी होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. अन्नभेसळ कायद्यातल्या ज्या अधिकारावर ही बंदी उभी होती, तो तात्पुरत्या, स्थानिक संकटापुरता आहे. त्याच्या जोरावर राज्याला असं धोरण ठरवता येणार नाही, असा निकालाचा अर्थ होता. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीच मुळात कर्करोगकारक असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि इथं पुड्यांच्या माळा पुन्हा टपऱ्यांवर लटकल्या.

२००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११ चे नियम आले, तेव्हा पाया पक्का झाला: अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन चालणार नाही. २० जुलै २०१२ ला महाराष्ट्रानं गुटखा आणि पानमसाला दोन्ही बंद केले. उत्पादक उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली नाही. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा यांचाही समावेश झाला. हा आदेश एका वर्षाचा असतो, दरवर्षी नव्यानं काढावा लागतो.

‘माझं तोंड, माझा पैसा, सरकारचा काय संबंध?’ हे टपरीवर सर्रास ऐकू येतं. याला माझं उत्तर असं, की बंदी खाणाऱ्यावर नाहीच. ती बनवणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आहे. आणि निवड म्हणायची तर ती पुडी पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हाची. त्या वेळी खाणारा बहुधा शाळेत होता. त्यानंतरची पुडी निवडीची राहत नाही, तलफेची असते. ज्याचं तोंड आखडत गेलं आणि उभी तीन बोटंही आत जाईनात, त्याला स्वातंत्र्याची गोष्ट सांगून बघावी. भाकरीचा घास मोडून, कालवून, मऊ करून भरवावा लागतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगानं गेले, वयाच्या ५७ व्या वर्षी.

बंदीनं काय साधलं? राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूररहित तंबाखू वापरणारे २००९-१० मध्ये २७.६ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २४.४ टक्के. घट आहे, पण थोडी. कारणं हुपरीत बसून सहज दिसतात. मावा कारखान्यात बनत नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन तळहातानं रगडला की झाला. आणि कर्नाटकची हद्द काही किलोमीटरवर. तिथं २०१३ मध्ये गुटखा बंद झाला, पण तंबाखूविना पानमसाला चालू राहिला. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही तोंडात एकत्र केल्या की गुटखाच. पलीकडं निपाणी, जिथल्या तंबाखूवर कित्येक घरं उभी आहेत. तिथल्या शेतकऱ्याला दुसरं पीक परवडेल अशी व्यवस्था झाल्याशिवाय नुसत्या आदेशानं काही हलणार नाही.

तरी बंदी उठवा, असं मी म्हणणार नाही. ती उत्पादकाच्या दारापर्यंत न्या, असं म्हणेन. धाड पडते ती टपरीवर. चार पुड्यांसाठी टपरीवाला सापडतो, ट्रकभर माल भरणारा सुटतो. आणि ज्यांना सोडायचंय त्यांचं काय? चांदी कारागिराला मजुरी बुडवून समुपदेशनाला तालुक्याच्या गावी जाणं जमत नाही. महिन्यातून एकदा दंतवैद्यानं हुपरीतच बसून कारागिरांची तोंडं तपासावीत, एवढं तरी नगरपरिषदेनं येत्या वर्षात करावं.