थेंबाथेंबाचा हिशेब

राहात्याच्या परिसरात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याकडे जाणाऱ्या वाटा वाहनांनी गजबजून जातात. ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांच्या रांगेत अजूनही एखादी बैलगाडी दृष्टीस पडते. तिचा गाडीवान मोठा हिशेबी असतो. वाट लांबची असली, तर तो बैलांसाठी वैरण बरोबर घेतो. परंतु गाडी भरून वैरण घेत नाही. कारण वैरण हेही एक ओझेच होय, आणि ते ओढावयाचे असते त्याच बैलांना. ओझे वाढले, की बैल अधिक थकतात. आणि अधिक थकले, की त्यांना अधिक वैरण लागते. तेव्हा वैरण फार थोडी असून चालत नाही, तशीच ती फार अधिक असूनही चालत नाही.

हाच प्रश्न आकाशातून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या वैमानिकापुढेही उभा असतो. विमानाची वैरण म्हणजे त्याचे इंधन. मात्र गाडीवानाची आणि वैमानिकाची गोष्ट एका बाबतीत फार वेगळी आहे. बैल थकले, तर गाडी वाटेतल्या झाडाखाली सोडता येते. आकाशात असे विसाव्याचे झाड नाही.

राहात्यापासून जवळच, काकडी गावाच्या शिवारात, शिर्डीचा विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथे उतरणारी प्रवासी विमाने अवाढव्य असतात. त्यांच्या टाक्यांत कित्येक टन इंधन मावते. पण विमानांच्या जगात अगदी लहान मंडळीही आहेत. एक इंजिन, दोन माणसांची जागा आणि मोटारीला शोभेल एवढी इंधनाची टाकी, असा त्यांचा संसार असतो. यांतील काही विमाने कारखान्यातून तयार होऊन येतात. काहींचे सुटे भाग पेट्यांत भरून, नकाशांसह, घेणाऱ्याकडे धाडले जातात, आणि तो आपल्या हातांनी त्यांची जुळणी करतो. क्वचित एखादा धडपड्या माणूस सगळेच विमान स्वतः बांधतो. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१९ साली त्याला उड्डाणाची अनुमती मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात झेपावले.

एवढीशी विमाने किती दूर जाऊ शकतील? घरापासून शेजारच्या जिल्ह्यापर्यंत, असेच कोणालाही वाटेल. या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच एका तरुण वैमानिकेने दिले आहे. तिचे नाव आरोही पंडित.

आरोही पंडित यांचे विमान ‘सायनस’ या जातीचे. युरोपातील स्लोव्हेनिया देशात पिपिस्ट्रेल या कंपनीने ते बनविले. त्यांनी त्याचे नाव ‘माही’ असे ठेवले होते. माहीचे वजन चारशे किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पुष्ट म्हशीहून फारसे अधिक नव्हे. इंजिन ८० अश्वशक्तीचे. आकाराने एखाद्या लहान मोटारीच्या इंजिनाएवढे. ३० जुलै २०१८ रोजी आरोही पंडित आणि त्यांची मैत्रीण किथैर मिस्क्विटा या दोघी पंजाबातील पतियाळा येथून पश्चिमेकडे निघाल्या. पुढे २०१९ च्या मे महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आरोही पंडित यांनी एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. स्कॉटलंडमधील विक येथून निघून, आइसलँड व ग्रीनलँड या बर्फाळ भूमींवर थांबत थांबत, सुमारे ३००० किलोमीटरचे अंतर कापून त्या कॅनडातील इक्वालुइट येथे उतरल्या. या हलक्या वर्गाच्या विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी जगातील पहिली स्त्री असा मान त्यांना मिळाला.

८० अश्वशक्तीच्या इंजिनाने हे साधले कसे? बळाच्या जोरावर खास नव्हे. हलक्या विमानाचा लांबचा प्रवास काटकसरीवर चालतो. आणि या काटकसरीची काही साधी सूत्रे आहेत.

पहिले सूत्र वजनाचे. पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे पाऊण किलोग्रॅम भरते. १०० लिटर पेट्रोल भरले, म्हणजे एक धडधाकट माणूसच विमानात बसल्यासारखे झाले. हे वजन तोलून धरण्यासाठीही इंजिनाला पेट्रोल जाळावे लागते. म्हणून ज्याने आपल्या हातांनी विमान जुळविले, त्याची काटकसर उड्डाणाच्या कितीतरी आधी, कामाच्या शेडमध्येच सुरू होते. रंगाचा एक थर अधिक चढला, नको असलेले एखादे कपाट बसविले, जरूर नसता जाड पत्रा वापरला, तर त्याचा भार पुढच्या प्रत्येक प्रवासात पेट्रोलच्या रूपाने फेडावा लागतो.

दुसरे सूत्र आकाराचे. वेगाने जाणाऱ्या वस्तूस हवा अडविते. चालत्या गाडीच्या खिडकीपाशी वाऱ्याचा मारा कसा लागतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. विमानाचे अंग गुळगुळीत असले, फटी बुजविलेल्या असल्या, चाकांवर निमुळती आवरणे असली, तर हवा फारशी न अडखळता मागे सरकते. पंखांची लांबीही महत्त्वाची आहे. माहीची लांबी सात मीटरही नाही. पण पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर मात्र जवळजवळ १५ मीटर आहे. आकाशात घिरट्या घालणारी घार आपले लांब पंख पसरून, ते न हलविता कितीतरी वेळ तरंगत राहते. लांब व अरुंद पंख विमानासही असेच तोलून धरतात. इंजिन बंद पडले, तरी एक किलोमीटर उंचीवरून असे विमान वीस किलोमीटरहून अधिक अंतर तरंगत जाऊ शकते.

तिसरे सूत्र वेगाचे. येथे पुष्कळांची फसगत होते. लवकर पोचलो, की पेट्रोल कमी लागेल असे वाटते. परंतु वेग दुप्पट केला, तर हवेचा अडथळा चौपट होतो. मग फार सावकाश जावे काय? तेही बरोबर नाही. वेग फार कमी झाला, की विमान खाली येऊ लागते. ते तोलून धरण्यासाठी त्याचे नाक वर उचलावे लागते, आणि मग हवा पुन्हा अडवू लागते. या दोहोंच्या मध्ये प्रत्येक विमानाचा असा एक वेग असतो, की ज्या वेगाने एका लिटरमध्ये अधिकात अधिक अंतर कापले जाते. जाणता वैमानिक तो वेग ओळखतो आणि लांबच्या वाटेवर शक्य तो त्याच्या जवळपास राहतो. इंजिनास हवेच्या मानाने जितके पेट्रोल हवे तितकेच तो देतो. त्याहून अधिक दिलेले पेट्रोल न जळता धुराबरोबर वाया जाते.

चौथे सूत्र वाऱ्याचे. ते नीट समजण्यासाठी एक उदाहरण सोडवून पाहू. एक विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने जाते आणि तासाला १२ लिटर पेट्रोल खाते, असे समजा. वारा नसताना ९०० किलोमीटर जाण्यास त्याला ५ तास आणि ६० लिटर पेट्रोल लागेल. आता समोरून ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा वाहत आहे. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग १५० किलोमीटरच उरला. तेच अंतर कापण्यास ६ तास लागतील, आणि पेट्रोल ७२ लिटर. येताना तोच वारा पाठीशी असेल, तेव्हा तोटा भरून निघेल, असे आपण म्हणाल. हिशेब करा. येताना वेग २१० किलोमीटर होईल आणि सुमारे ४ तास १७ मिनिटे लागतील. जाऊन येऊन १० तास १७ मिनिटे झाली. वारा नसता, तर १० तासच लागले असते. समोरचा वारा जेवढे हिरावून घेतो, तेवढे पाठीमागचा वारा परत देत नाही. कारण समोरच्या वाऱ्यात आपण अधिक वेळ अडकून पडतो.

आता याच उदाहरणात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. टाकीत ७२ लिटर पेट्रोल आहे आणि समोरून वारा आहे. कागदावर विमान बरोबर पोचते. पण उतरताना टाकीत एक थेंबही उरत नाही! मुक्कामावर धुके पडले असेल, धावपट्टीवर दुसरे विमान उभे असेल, वारा थोडा अधिक जोराने वाहिला, तर काय करावयाचे? म्हणून दिवसाच्या उड्डाणात मुक्कामी पोचल्यावर निदान अर्धा तास पुरेल इतके इंधन शिल्लक असले पाहिजे, असा विमानविद्येचा सर्वसाधारण नियम आहे. या नियमाने पाहिले, तर त्या दिवशी ते विमान जमिनीवरून उठताच कामा नये. वारा पडेपर्यंत थांबणे, किंवा वाटेत एक मुक्काम वाढविणे, हाच त्यावर उपाय होय.

समुद्रावरून जाताना तर आणखी एक हिशेब करावा लागतो. वर सांगितलेल्या विमानात ७२ लिटर, म्हणजे ६ तासांचे पेट्रोल आहे. अर्ध्या तासाची शिल्लक बाजूला ठेवली, की साडेपाच तास उरतात. वारा नसला, तर पावणेतीन तास पुढे गेल्यावर, म्हणजे ४९५ किलोमीटरवर, वैमानिकाने नकाशात एक खूण केलेली असते. तेथपर्यंत मन बदलले, तर निघाल्या ठिकाणी सुखरूप परतता येते. ती खूण मागे पडली, की मग परतीची वाट बंद होते. त्या खुणेपाशी पोचताना पुढील हवामान, वारा आणि टाकीतील पेट्रोल यांचा विचार ज्याने शांतपणे केला, तोच खरा वैमानिक.

काटकसरीची ही विद्या आपल्या देशात नवी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे ‘पस मॉथ’ नावाच्या एका इंजिनाच्या लहान विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादेस इंधन घेऊन ते मुंबईस जुहू येथे उतरले. अहमदाबादच्या धावपट्टीवर त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आणले गेले होते! भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा आरंभ या उड्डाणाने झाला. बरोबर ८९ वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, या उड्डाणाच्या स्मरणार्थ आरोही पंडित यांनी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत माही विमान नेले. निघताना त्यांच्या विमानात साठ लिटरहूनही कमी पेट्रोल होते. दिशा दाखविणारी आधुनिक संगणकीय साधनेही त्यांनी वापरली नाहीत.

या विद्येची पराकाष्ठा पाहावयाची असेल, तर अमेरिकेतील ‘व्हॉयेजर’ विमानाकडे वळले पाहिजे. हलक्या पण मजबूत तंतुमय पदार्थांपासून, हातांनी बांधलेले हे विमान डिक रुटन आणि जीना येगर या दोघांनी १४ डिसेंबर १९८६ रोजी उडविले. कोठेही न उतरता व वाटेत इंधन न घेता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून ते परत आले. निघताना विमानाच्या एकंदर वजनापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वजन नुसत्या इंधनाचे होते. त्या ओझ्याने पंखांची टोके धावपट्टीवर घासली गेली. विमानाला दोन इंजिने होती. पण प्रवासाचा बहुतेक भाग इंधन वाचविण्यासाठी एकच चालू ठेवले होते. निघताना ३१०० किलोग्रॅमहून अधिक असलेल्या इंधनापैकी उतरताना सुमारे ५० किलोग्रॅम उरले होते. चाळीस हजार किलोमीटरच्या वाटेवर हिशेब थोडा जरी चुकला असता, तरी ती शिल्लक राहिली नसती.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. वैमानिकाचे तळे मात्र निघतानाच भरलेले असते आणि थेंबाथेंबाने ते आटत जाते. ते किती वेगाने आटू द्यावयाचे, एवढेच त्याच्या हाती असते. यासच काटकसर म्हणतात. कंजूष मनुष्य निघतानाच पेट्रोल कमी भरतो आणि संकटात सापडतो. उधळ्या मनुष्य भरपूर भरतो आणि वाटेत ते उडवून टाकतो. काटकसरी वैमानिक जरूर तेवढे भरतो, जपून वापरतो आणि उतरताना थोडे शिल्लक ठेवतो. ती अर्ध्या तासाची शिल्लक बहुधा कधीच उपयोगी पडत नाही. पण ज्या दिवशी मुक्कामावर धुके उतरलेले असते, त्या दिवशी तिच्या बळावरच वैमानिकाला दुसरी धावपट्टी गाठता येते.